अज्ञान राजे आणि कन्स्ट्रक्टर

७/१२च्या उताऱ्यावर वारस लहान असला की त्याच्या नावापुढे 'अ.पा.क.' अशी तीन अक्षरं येतात आणि मग आईचं किंवा काकाचं नाव. अज्ञान पालन कर्ता. मालक ते पोरगंच, पण सही दुसऱ्याची. इथे 'अज्ञान' म्हणजे अडाणी नव्हे, अजून वयात न आलेला. आम्हा कोल्हापूरकरांना ही भानगड नवीन नाही. आमच्या गादीची सुरुवातच मुळी एका चार वर्षांच्या राजाच्या नावाने झालेली आहे.

माझा धंदा सॉफ्टवेअरचा आणि हौस इतिहासाची. दोन्हीकडे मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा भेटत आलाय. जो अजून पुरता घडलेला नाही, त्याला त्याच्या पूर्ण नावाने हाक मारली तर ओ कोणी द्यायची? प्रोग्रॅमिंगच्या भाषा करणाऱ्यांनी या प्रश्नावर गेली पन्नासहून जास्त वर्षं घालवली आहेत. त्याची ही गोष्ट.

आधी प्रश्न नीट मांडतो. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद खुशाल उडवावेत.

समजा, साखर कारखान्यासाठी प्रोग्रॅम लिहायचाय. 'पावती' नावाचा एक मूळ क्लास केला. कुठल्याही पावतीला लागतात त्या गोष्टी त्यात: नंबर, तारीख, रक्कम. मग त्याचा वारस म्हणून 'ऊसपावती' हा क्लास केला. त्याच्याकडे वरचं सगळं वारशाने आलं, शिवाय स्वतःचं वजन आणि दर. पावतीकडे 'आकारणी' नावाची एक मेथड आहे. ऊसपावतीने ती बदलून स्वतःची लिहिली, वजन गुणिले दर. यालाच ओव्हरराइड करणं म्हणतात. बापाचा रिवाज मुलाने आपल्या पद्धतीने चालवायचा.

आता कन्स्ट्रक्टर. म्हणजे ऑब्जेक्ट जन्माला येताना आपोआप चालणारा कोड. घराचा पाया आधी आणि माडी नंतर, तसा इथे क्रम ठरलेला: आधी मूळ क्लासचा कन्स्ट्रक्टर, मग वारसाचा. आणि गोम इथेच आहे. पावतीचा कन्स्ट्रक्टर लिहिणाऱ्याला वाटलं की पावती जन्मली की लगेच रक्कमही काढून टाकू, म्हणून त्याने तिथेच 'आकारणी'ला हाक मारली. पण त्या क्षणी ऊसपावतीचा भाग उभाच राहिलेला नाही. दर भरायचाय, वजन भरायचंय. मग कुठली आकारणी चालणार? बापाची की मुलाची?

बापाची चालली तर उसाचा हिशोब भलत्याच रीतीने होणार. मुलाची चालली तर दर शून्य. आता उसाचा दर शून्य ही गोष्ट जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत नुसती उच्चारून बघा! म्हणजे प्रश्न दिसतो तितका पुस्तकी नाही.

या सगळ्याचं मूळ नॉर्वेत आहे. ऑस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन निगार्ड या दोघांनी १९६७ साली सिम्युला ६७ ही भाषा मांडली. क्लास, वारसा, आणि वारसाने बदलता येईल अशी 'व्हर्च्युअल' मेथड, या तिन्ही कल्पना तिथल्या. त्यांना रांगा, वाहतूक, कारखान्यातली कामं यांची नक्कल कॉम्प्युटरवर करायची होती. त्यामुळे सिम्युलात कन्स्ट्रक्टर असा वेगळा नव्हताच. क्लासच्या पोटातच कोड असायचा, ऑब्जेक्ट बनला की तो चालू लागायचा, मूळ क्लासचा आधी. जन्म आणि आयुष्य यांच्यात रेघच नव्हती म्हणा ना.

ती रेघ ओढली बियार्ने स्ट्राउस्ट्रुप या डॅनिश माणसाने. केंब्रिजला पीएचडी करताना त्याने सिम्युला वापरली होती. तिची मांडणी आवडली, पण ती फार संथ चालायची. पुढे अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये १९७९ साली त्याने सी भाषेला क्लास जोडायला घेतले. व्हर्च्युअल फंक्शन्स आली १९८३ला, आणि १९८५ला सी++ बाजारात उतरली. कन्स्ट्रक्टर हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात आला तो या भाषेमुळे.

स्ट्राउस्ट्रुपचं उत्तर सावध होतं. मूळ क्लासचा कन्स्ट्रक्टर चालू असेपर्यंत तो ऑब्जेक्ट मूळ क्लासचाच समजायचा. पुढे तो कोण होणार आहे याच्याशी आत्ता देणंघेणं नाही. आतली यंत्रणाही सरळ आहे. प्रत्येक ऑब्जेक्टच्या पोटात एका कोष्टकाचा पत्ता असतो आणि कुठली मेथड चालवायची ते त्या कोष्टकात लिहिलेलं असतं. पावतीचा कन्स्ट्रक्टर चालू असताना पत्ता पावतीच्या कोष्टकाचा. तो संपून ऊसपावतीचा सुरू झाला की पत्ता बदलतो. गादीवरचा माणूस बदलला की शिक्का बदलावा तसं. ऑब्जेक्ट नष्ट होताना हेच उलट क्रमाने घडतं, वारसाचा भाग आधी जातो आणि शिक्का परत बापाचा होतो.

हा सावधपणा उगाच नव्हता. सी++ मध्ये न भरलेल्या जागेत काय असेल याचा भरवसा नसतो. आधीच्या कुणाचा तरी कचरा तिथे पडलेला असू शकतो. अशा वेळी मुलाची मेथड चालवली तर ती तो कचराच दर म्हणून वापरेल. त्यापेक्षा बापाची चाललेली बरी. पण यालाही एक पेच होता. बापाने ती मेथड लिहिलीच नसेल, 'मुलगा लिहील' म्हणून सोडून दिली असेल तर? मग हाकेला ओ द्यायला कोणीच नाही, प्रोग्रॅम आडवा. ज्यांनी जुन्या विंडोजवर काम केलंय त्यांना ती खिडकी आठवेल: रनटाइम एरर आर ६०२५, प्युअर व्हर्च्युअल फंक्शन कॉल. एक ओके बटण आणि खेळ खलास.

दहा वर्षांनी, १९९५ला, सन मायक्रोसिस्टिम्सने जावा आणली. जेम्स गॉसलिंग आणि मंडळींनी सी++ मधल्या बऱ्याच गोष्टी घेतल्या, पण ही मुद्दाम घेतली नाही. जावाच्या अधिकृत स्पेसिफिकेशनमध्ये सी++ चं नाव घेऊन सांगितलंय की ऑब्जेक्ट बनत असताना मेथड निवडायचे नियम आम्ही बदलत नाही. म्हणजे ऊसपावती ही पहिल्या क्षणापासून ऊसपावतीच, आणि हाकेला ओ मुलानेच द्यायची. तिथेच एक छोटं उदाहरण दिलंय. वारस क्लासमध्ये 'थ्री' नावाची एक जागा आहे, तिच्यात 'पाय'चा पूर्णांक भाग, म्हणजे ३, ठेवलाय. मूळ क्लासचा कन्स्ट्रक्टर ती छापणारी मेथड बोलावतो. पडद्यावर काय येतं? आधी ०, मग ३. भाषा करणाऱ्यांना परिणाम ठाऊक होता. त्यांनी तो लपवला नाही, नियमाशेजारीच छापला. हे मला फार आवडतं.

त्यांना हे परवडलं, कारण जावा नवीन ऑब्जेक्टची जागा आधी पुसून शून्य करते. कचरा नसतो. मुलाला लवकर उठवलं तर त्याच्या खिशात काही नसतं, पण निदान दुसऱ्याचे पैसे तरी नसतात. प्रोग्रॅम कोसळत नाही. आणि मला विचाराल तर हीच जास्त भीतीची गोष्ट. कोसळला की कळतं तरी. शून्य मुकाट्याने पुढे जातं.

ओळखीच्यांच्या एका कचेरीत ठेवींच्या व्याजाचा प्रोग्रॅम होता, तो मला बघायला बोलावलं होतं. तिथे याच्या पुढची तऱ्हा पाहिली. मूळ क्लासच्या कन्स्ट्रक्टरने मुलाची मेथड बोलावली, तिने व्याज नीट काढून मुलाच्या जागेत ठेवलंही. मग मुलाची पाळी आली. त्याच्या क्लासमध्ये त्या जागेपुढे कोणीतरी टापटीप म्हणून 'बरोबर शून्य' लिहून ठेवलेलं. झालं! आलेलं व्याज पुसलं गेलं. एकेक ओळ वाचली तर एकही चुकीची नाही. चुकला होता फक्त क्रम. आणि क्रम कागदावर दिसत नाही.

२००२ला मायक्रोसॉफ्टची सी# आली, आन्द्रस हाइल्सबर्गच्या देखरेखीखाली. तिने मधला मार्ग काढला. हाक मुलालाच जाणार, पण मुलाच्या क्लासमध्ये जागेशेजारीच लिहिलेल्या किमती बापाच्या कन्स्ट्रक्टरच्या आधी भरल्या जाणार. म्हणजे दर तिथे लिहिला असेल तर मिळेल. कन्स्ट्रक्टरच्या आत, बाहेरून आलेल्या आकड्यावरून भरत असाल तर पुन्हा शून्य. निम्मं दुखणं गेलं, निम्मं राहिलं.

आता थोडं आमच्या गादीकडे येतो. उपमा फार ताणू नये हे मलाही कळतं, पण ही दोन उत्तरं मला नीट समजली ती इतिहासामुळे.

१७०० साली राजाराम महाराज वारले. ताराबाईंनी चार वर्षांच्या शिवाजीला गादीवर बसवलं आणि त्याच्या नावाने औरंगजेबाशी सात वर्षं झुंज दिली. नाव मुलाचं, मेथड आईची. हे सी++ चं उत्तर, आणि ते चाललं, कारण आईकडे स्वतःचं भक्कम उत्तर होतं. पुढे करवीरच्या जिजाबाईंनी १७६२ला मुलगा दत्तक घेतला आणि १७७३ला त्या वारल्या तोवर कारभार त्यांनीच सांभाळला. तेही तसंच.

पण याच उत्तराची काळी बाजूही कोल्हापूरनेच पाहिली. १८७०च्या नोव्हेंबरात राजाराम महाराज (हे दुसरे, युरोपच्या प्रवासाला गेलेले) इटलीत फ्लॉरेन्सला वारले. १८७१ला आठेक वर्षांचा मुलगा दत्तक आला, चौथे शिवाजी. राज्य त्यांच्या नावाने, कारभार दिवाण आणि इंग्रज अधिकाऱ्यांचा. पुढे त्यांना वेडं ठरवण्यात आलं. महाराजांचा छळ होतोय, अशी टीका 'केसरी' आणि 'मराठा'ने केली. दिवाण माधवराव बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. ज्या पत्रांच्या आधारावर लिहिलं होतं ती बनावट निघाली आणि १८८२ला आगरकर आणि टिळक डोंगरीच्या तुरुंगात गेले, १०१ दिवस. महाराजांचं पुढे काय झालं? त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं होतं. पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झटापट होऊन २५ डिसेंबर १८८३ला ते तिथेच गेले. वय अवघं वीस.

बारा वर्षं त्या मुलाच्या नावाने हाका मारल्या गेल्या आणि एकदाही ओ त्याची नव्हती. बापाची मेथड चालते तेव्हा बाहेरच्याला फरक कळत नाही, कारण शिक्का वारसाच्याच नावाचा असतो. सी++ मध्येही नेमकं हेच होतं. कोड वाचणारा ऊसपावतीची आकारणी चालली असं धरून चालतो, चाललेली असते भलतीच.

त्यानंतर आले कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव, आपले शाहू महाराज. १७ मार्च १८८४ला दत्तक विधान झालं तेव्हा ते दहा वर्षांचेही नव्हते. राज्याचा अधिकार हातात आला २ एप्रिल १८९४ला. मध्ये दहा वर्षं. त्यातली काही राजकोटच्या राजकुमार कॉलेजात, काही धारवाडला स्टुअर्ट फ्रेझर यांच्या हाताखाली. या काळात त्यांचे जन्मदाते वडील आबासाहेब रीजंट होते, ते १८८६ला वारले, मग कारभारी मंडळ. त्या कारभाऱ्यांना मी आदर्श म्हणत नाही. पण घडण चालू असताना राजाला कारभाराच्या हाकेपासून बाजूला ठेवलं गेलं, आणि ती कधीतरी संपणार हे ठरलेलं होतं. १९०२ला नोकऱ्यांतल्या ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखणारा जाहीरनामा निघाला, १९१७ला सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आलं. ही उत्तरं कुठल्या रीजंटच्या कोष्टकात नव्हती. ती त्या माणसाची स्वतःची होती, आणि तो पुरता उभा राहिल्यावरच ती मिळाली.

भाषावाल्यांनाही शहाणपण आलं ते याच दिशेने, पण सावकाश. सनने स्वतः केलेल्या स्विंग लायब्ररीत बघा. पडद्यावरचं कोष्टक दाखवणारा 'जेटेबल' क्लास आपल्या कन्स्ट्रक्टरमधूनच वारसाने बदलता येणाऱ्या मेथड बोलावतो, आतलं मॉडेल बनवायला. म्हणजे जावाच्या घरातच हा पायंडा. मग २००१ला जोशुआ ब्लॉकचं 'इफेक्टिव्ह जावा' आलं. हा माणूस सनमध्येच जावाच्या लायब्ररीवर काम केलेला. त्याने स्वच्छ लिहिलं की कन्स्ट्रक्टरने ओव्हरराइड होऊ शकणारी मेथड बोलावू नये, ना सरळ, ना आडून. वारसा द्यायचा तर विचार करून, लिहून द्या, नाहीतर देऊच नका. २००५ला स्कॉट मायर्सने 'इफेक्टिव्ह सी++'च्या तिसऱ्या आवृत्तीत तोच नियम सी++ वाल्यांना सांगितला.

गंमत बघा. एका भाषेत बाप ओ देतो, दुसरीत मुलगा. दोन्ही उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध. आणि दोन्हीकडच्या जाणत्यांचा सल्ला मात्र अक्षरशः एक: त्या वेळी हाकच मारू नका. इतकी वर्षं वाद चालला तो ओ कोणी द्यायची यावर. हाक तेव्हाच कशाला, हे विचारायला फार वेळ लागला.

मग नियम पुस्तकातून यंत्रात शिरला. मायक्रोसॉफ्टच्या कोड तपासणाऱ्या साधनांत तशी सूचना आली, नेटबीन्स पिवळी रेघ मारू लागलं. कोटलिनमध्ये मेथड मुळातच बदलता येत नाही, तसं हवं असेल तर मुद्दाम लिहावं लागतं. २०१४ला आलेल्या ॲपलच्या स्विफ्टने तर क्रमच उलटा केला. वारसाने आधी आपल्या सगळ्या जागा भरायच्या, मगच बापाच्या कन्स्ट्रक्टरकडे जायचं. नाही भरल्या तर कंपायलर पुढे सरकूच देत नाही.

आणि जावा? बापाच्या कन्स्ट्रक्टरला हाक ही वारसाच्या कन्स्ट्रक्टरमधली पहिलीच ओळ असली पाहिजे, हा तिचा नियम जवळजवळ तीस वर्षं टिकला. २०२४ला जावा २२ मध्ये तो चाचणी म्हणून सैल झाला आणि सप्टेंबर २०२५च्या जावा २५ मध्ये कायमचा सुटला. आता वारसाला बापाकडे जाण्याआधी आपला दर आपल्या जागेत ठेवता येतो. मग बापाने घाईने आकारणीला हाक मारली तरी शून्य मिळत नाही. अर्थात हे आपोआप होत नाही, लिहिणाऱ्याने तसं लिहायला हवं.

मला या सगळ्यातून इतकंच कळतं की मूळ क्लास लिहिणारा वाईट नसतो, त्याला घाई असते. पोर जन्मलं की लगेच कामाला लागावं, असं त्याला वाटतं. उपाय तसा सोपा. कन्स्ट्रक्टरमध्ये फक्त जागा भराव्यात, कामाची हाक बाहेरून, ऑब्जेक्ट पुरता झाल्यावर मारावी. हे विसरलं जाऊ नये म्हणून ऑब्जेक्ट बनवून, मग हाक मारून, तयार पावती हातात देणारी एक वेगळी मेथड ठेवावी. आणि कन्स्ट्रक्टरमधून काही बोलवायचंच असेल तर ती मेथड वारसाला बदलता येणार नाही अशी करावी. चार ओळींचं काम आहे.

या चार ओळी कंटाळ्याच्या वाटतात, हे खरं. पण ज्या प्रोग्रॅमवर कुणाचं ऊसबिल, कुणाचं ठेवीवरचं व्याज अवलंबून आहे, तिथे शून्य हा निव्वळ आकडा नसतो. समोरचा माणूस ते खरं धरून घरी जातो. तेव्हा मंडळी, मूळ क्लास लिहायला बसाल तेव्हा एवढंच तपासा, की आपण ज्याला हाक मारतोय तो अजून अज्ञान तर नाही ना. असेल तर थांबा. त्याला वयात येऊ द्या.